रंगहीन कायदा आणि एक सिंहगीत

बौद्धिक संपदेच्या शास्त्रांत 'कर्ता' हा शब्द मोठा निष्पाप दिसतो. कर्ता गोरा कीं काळा, सधन कीं निर्धन, याची चौकशी कायदा करीत नाहीं. म्हणून तो समदर्शी होय, असें या विषयाचे बहुतेक पंडित गृहीत धरून चालत आले. अंजली वत्स यांचा 'द कलर ऑफ क्रिएटरशिप' (२०२०) हा ग्रंथ या गृहीतावरच घाव घालतो. निर्माता कोणास म्हणावें आणि नक्कल करणारा कोणास, या अमेरिकेंतील कल्पना वर्णभेदापासून कधींच अलिप्त नव्हत्या, असें वत्स यांचें प्रतिपादन आहे.

हें ज्यांना अतिशयोक्त वाटेल त्यांनीं सॉलोमन लिंडा या झुलू गायकाची हकीकत पाहावी. १९३९ सालीं जोहान्सबर्ग येथें त्यानें 'म्बुबे', म्हणजे सिंह, हें गीत ध्वनिमुद्रित केलें. त्याचे हक्क थोडक्या शिलिंगांत कंपनीकडे गेले. अमेरिकेंत त्याचेंच 'विमोवे' झालें आणि १९६१ सालीं 'द लायन स्लीप्स टुनाइट' या नांवानें तें जगभर गाजलें. लिंडा १९६२ सालीं दारिद्र्यांतच वारला. कायद्यानें त्याचा वर्ण विचारला नव्हता हें खरें. परंतु करार करणारे दोन्ही पक्ष समबल असतात, ही कायद्याची कल्पना त्या देशांत निव्वळ असत्य होती.

मात्र वत्स यांच्या विवेचनाची मर्यादाही येथेंच दिसते. त्यांची दृष्टि मुख्यतः अमेरिकेवर खिळलेली आहे. लिंडाच्या वारसांना आधार सांपडला तो ब्रिटिश साम्राज्याच्या १९११ च्या कायद्यांत! कर्त्यानें हक्क विकले तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनीं ते वारसांकडे परत यावे, अशी त्यांत तरतूद होती. १९१४ सालीं कांहीं फेरफारांसह हाच कायदा हिंदुस्थानांतही आला होता. या तरतुदीवरून डिस्ने कंपनीविरुद्ध २००४ सालीं दावा झाला व २००६ सालीं तडजोड झाली.

तेव्हां कायदा सर्वस्वी गोऱ्यांचा म्हणून त्याज्य, असें म्हणून भागत नाहीं. आणि तो समदर्शी म्हणून वंद्य, असेंही नाहीं. १९८७ सालीं जो हक्क परत यावयाचा, तो मागण्यास २००४ साल उजाडावें लागलें. कलम आणि तें ज्याच्यासाठीं लिहिलें तो मनुष्य यांच्यामधील हें अंतर कोण निर्माण करतें, हा या शास्त्राचा खरा प्रश्न आहे. वत्स यांनीं तो विचारण्यास भाग पाडलें, हें या ग्रंथाचें मोठें श्रेय होय.