पाठ फिरवणारे घड्याळ

जुन्या मनगटी घड्याळांच्या मोहाविषयी बोलणे निघाले की ते बहुधा किमतीपासून सुरू होते आणि किमतीपाशीच संपते. अमुक लिलावात अमुक कोटी, एवढे ऐकले की सांगणारा आणि ऐकणारा दोघेही तृप्त होतात. आमच्या मते ही रसिकता नव्हे, बाजारभावाची नोंद आहे. एखादी वस्तू मनाला का ओढून घेते, याचे उत्तर तिच्या घडणीत शोधावे लागते. त्या दृष्टीने जेजर-लेकुल्त्र या स्विस घराण्याच्या ‘रिव्हर्सो’ या घड्याळाचा येथे विचार करू.

या घड्याळाचे मूळ हिंदुस्थानात आहे, अशी त्या घराण्याची परंपरा सांगते. पोलो खेळताना घड्याळांच्या काचा फुटतात, अशी तक्रार येथील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सेझार द त्रे या स्विस व्यापाऱ्याकडे केली. त्याने ती जाक-दाविद लेकुल्त्र यांच्यापर्यंत नेली, आणि ४ मार्च १९३१ रोजी रने-आल्फ्रेद शोव्हो या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. युक्ती साधी आहे. घड्याळाचे आयताकृती घर आपल्या बैठकीत बाजूला सरकते, उलटते आणि पुन्हा जागी बसते. मग काच व तबकडी आत मनगटाकडे जातात आणि धातूची पाठ बाहेर येते.

निर्मितीला कारण गरजेचे होते. पण गरजेपोटी जन्मलेल्या सगळ्याच वस्तू सुंदर होत नाहीत. ही झाली, याचे श्रेय तिच्या संयमाला द्यावे लागेल. वर आणि खाली तीन-तीन आडव्या रेषा, सरळ कडा, स्वच्छ तबकडी. यापलीकडे अलंकरण नाही. ‘आर्ट डेको’ या शैलीचा हा संस्कार. इंदूरच्या वाचकांना ही शैली परकी वाटू नये. त्याच दशकात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाने यशवंतराव होळकरांसाठी माणिकबाग राजवाडा उभारला, त्यातील नेटक्या, निरलंकृत सामानाची जातकुळी हीच होती. ते सामान १९८० साली मोनॅकोतील लिलावात विखुरले. वस्तूचे मोल जगाला कळते, पण बहुधा ती घराबाहेर गेल्यावर कळते, ही गोष्ट आपण विसरू नये.

रिव्हर्सोचा खरा विशेष मात्र तिच्या मागल्या बाजूला आहे. काच वाचवण्यासाठी निर्माण झालेली ती कोरी पाठ लोकांनी आपलीशी केली. कोणी तीवर आद्याक्षरे कोरून घेतली, कोणी कुलचिन्ह, कोणी मिनाकामात चित्र काढवले. पुढील बाजू सर्वांना सारखा काळ दाखवते. मागील बाजू एकट्या मालकाची असते. सार्वजनिक आणि खाजगी यांचा एवढा नेमका मेळ अन्य कोणत्याही घड्याळात आम्हांस दिसत नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. पोलोची कथा विक्रेत्यांनी इतकी घोळवली आहे की, घोड्याच्या जवळही न गेलेला ग्राहक तिच्यापायी मोहरतो. प्रत्यक्षात, महायुद्धानंतर गोल आणि पाण्यापासून सुरक्षित घड्याळांपुढे हे घड्याळ मागे पडले व त्याचे उत्पादन थांबले. १९७२ मध्ये जोर्जो कोर्व्हो या इटालियन व्यापाऱ्याने कारखान्यात पडून राहिलेली सुमारे २०० रिकामी घरे विकत घेतली, त्यांत यंत्रे बसवून घेतली, आणि ती हातोहात खपली. ज्याची उपयुक्तता सरली होती, ते केवळ रूपाच्या बळावर परत आले. घडणीच्या गुणाला याहून मोठी साक्ष नको.

येथे संग्राहकांच्या रुचीचा प्रश्न उभा राहतो. जनरल मॅकआर्थर यांची आद्याक्षरे असलेले रिव्हर्सो २०१५ साली जिनिव्हात लिलावात निघाले, तेव्हा ती अक्षरेच त्याचे मोल ठरली. तीच अक्षरे एखाद्या अनाम कारकुनाची वा शिक्षकाची असती तर बाजाराने त्यांना डाग मानले असते. असे ‘डाग’ घासून काढणारे कारागीरही मिळतात. घासताना नाव जाते, त्याबरोबर कडांची धारही जाते, आणि उरते ते धड जुने नसते, धड नवेही नसते.

पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेल्या आपल्या घरांतून आजोबांची घड्याळे अजून असतील. ती रिव्हर्सो असण्याचे कारण नाही; चावी द्यायचे कोणतेही साधे घड्याळ असेल. मागे निवृत्तीच्या दिवशी कोरलेले नाव असेल, तबकडी पिवळी पडली असेल. ती तबकडी पुन्हा रंगवून चकचकीत करून घेण्याचा मोह होतो. आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, जाणत्या घड्याळजीकडून आतील यंत्र साफ करून घ्यावे, तेल घालून घ्यावे. परंतु तबकडीला आणि अक्षरांना हात लावू देऊ नये. बाजारात त्या अक्षरांना किंमत येणार नाही, हे खरे. पण ते नाव ज्यांना वाचता येते, अशी माणसे जगात आपल्याच घरात आहेत.