चाचणीची संहिता आणि तिचा हेतू : जुन्या स्वयंचलित चाचणी यंत्रणांच्या आज्ञावली-नूतनीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना

विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरण, रडारचा एखादा भाग किंवा कारखान्यात तयार झालेले सर्किट बोर्ड निर्दोष आहे की नाही, हे ठरविण्याचे काम गेली अनेक दशके स्वयंचलित चाचणी यंत्रणा करीत आल्या आहेत. उपकरणाला ठरावीक विद्युत संकेत देणे, मिळालेला प्रतिसाद मोजणे, तो मर्यादेत बसतो की नाही हे पाहणे आणि 'उत्तीर्ण' वा 'अनुत्तीर्ण' असा निर्णय देणे, असे या कामाचे स्थूल स्वरूप आहे. ज्या उपकरणांची चाचणी करावयाची, ती कित्येकदा तीस-चाळीस वर्षे सेवेत राहतात. त्यांची चाचणी करणारा संगणक मात्र त्यापूर्वीच कालबाह्य होतो. विंडोज एक्सपीचे अधिकृत साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. परिणामी जुनी चाचणी-आज्ञावली नव्या संगणकावर नेण्याचा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो.

हा प्रश्न सामान्यतः खरेदीचा आणि तांत्रिक जुळणीचा मानला जातो. वस्तुतः तो अर्थनिर्णयाचाही आहे. जुन्या आज्ञावलीत लिहिलेले शब्द नव्या यंत्रणेत नेणे तुलनेने सोपे असते. त्या शब्दांमागील मापनाचा हेतू नेणे अवघड असते. नूतनीकरणाच्या प्रचलित पद्धतींची या दृष्टीने चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नूतनीकरण टाळता येते काय?

'जे चालते आहे त्याला हात लावू नये' हा अनुभवी तंत्रज्ञांचा पवित्रा अनाठायी नाही. एकदा प्रमाणित झालेली चाचणी बदलली की ती पुन्हा प्रमाणित करावी लागते. तथापि हा पवित्रा दीर्घकाळ टिकत नाही. सुटे भाग मिळेनासे होतात, जुन्या जोडकार्डांसाठी नव्या संगणकात जागाच उरत नाही आणि सुरक्षेचा धोका वाढत जातो. ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसी या चिपनिर्मिती कंपनीच्या कारखान्यांत वॉनाक्राय या विषाणूचा एक प्रकार पसरला. नव्या यंत्रावर सॉफ्टवेअर बसविताना झालेली चूक हे त्याचे कारण कंपनीनेच जाहीर केले आणि तिमाही महसुलाचे सुमारे तीन टक्के नुकसान होईल असा अंदाज वर्तविला. एक असुरक्षित यंत्र जाळ्याला जोडले गेले, तर त्याचे परिणाम त्या यंत्रापुरते राहत नाहीत. म्हणून नूतनीकरण करावे की नाही, यापेक्षा नूतनीकरणात नेमके काय जपावयाचे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

ॲटलास भाषेचे अभिवचन

हा प्रश्न पूर्वसूरींच्या लक्षात आला नव्हता असे नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात विमान कंपन्यांच्या गरजेतून, एअरिंक या संस्थेच्या पुढाकाराने, ॲटलास ही चाचणीलेखनाची भाषा आकाराला आली. पुढे १९७६ मध्ये आयईईईने तिला प्रमाणभाषेचे रूप दिले. या भाषेची रचना भाषाभ्यासकांनाही उद्बोधक वाटावी अशी आहे. तिच्या वाक्यात क्रियापद, नाम आणि नामाची विशेषणे असतात. 'अमुक दोन टोकांमध्ये २८ व्होल्टचा एकदिश विद्युतदाब द्या' असे तिचे वाक्य सांगते. तो कोणत्या कंपनीच्या कोणत्या उपकरणाने द्यावा, हे सांगत नाही. चाचणी लिहिणाऱ्याने उपकरणाची गरज लिहावी, ती भागविणारे साधन यंत्रणेने निवडावे, ही या भाषेमागील मूळ धारणा. यंत्रणा बदलली तरी चाचणी टिकावी, हेच तिचे अभिवचन होते.

हे अभिवचन अंशतः सफल झाले. अमेरिकी नौदलाची 'कॅस' ही चाचणी यंत्रणा आणि तिची उत्तराधिकारी 'ई-कॅस' यांचा आधार हाच विचार होता. जुन्या चाचण्यांत झालेली गुंतवणूक वाया जाऊ नये, ही तेथील मुख्य चिंता होती. तथापि या भाषेत एक पळवाटही अंतर्भूत होती. भाषेला जे व्यक्त करता येत नसे, त्यासाठी 'लीव्ह ॲटलास' ही आज्ञा देऊन बाहेर पडता येई, विशिष्ट उपकरणाच्या आज्ञा थेट लिहिता येत आणि 'रिझ्यूम ॲटलास' म्हणून परत येता येई. अशा जागी आज्ञावली पुन्हा यंत्रबद्ध होते. स्थलांतराच्या वेळी सर्वाधिक अडचणी याच जागी येणे स्वाभाविक आहे. शिवाय निरनिराळ्या यंत्रणांनी भाषेच्या आपापल्या बोली घडविल्या आणि 'प्रमाणभाषा' ही संज्ञा काहीशी नाममात्र राहिली.

संहितेबाहेर राहिलेला अर्थ

मुख्य मर्यादा मात्र याहून खोल आहे. चाचणीचा काही अर्थ संहितेत कधीच लिहिला गेलेला नसतो. तो जुन्या उपकरणाच्या स्वभावात दडलेला असतो. याची दोन उदाहरणे पाहता येतील.

पहिले उदाहरण मल्टिमीटरचे. प्रत्यावर्ती विद्युतदाब मोजणारे अनेक जुने मीटर सरासरी मूल्य मोजून ते साइन तरंगासाठी जुळवून दाखवीत. चौरस तरंग दिल्यास असा मीटर खऱ्या परिणामी मूल्यापेक्षा सुमारे ११ टक्के अधिक आकडा दाखवितो. समजा, १० व्होल्टच्या चौरस तरंगासाठी जुन्या आज्ञावलीत १०.५ ते ११.७ ही मर्यादा आहे. जुना मीटर ११.१ दाखवी आणि उपकरण उत्तीर्ण होई. नवा, खरे परिणामी मूल्य मोजणारा मीटर अचूक १०.० दाखवितो आणि निर्दोष उपकरण अनुत्तीर्ण ठरते. येथे घाईने खालची मर्यादा ९.५ वर आणली आणि वरची तशीच ठेवली, की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. परंतु आता ११.५ व्होल्ट देणारे सदोष उपकरणही उत्तीर्ण होईल. जुन्या मीटरने त्यासाठी १२.८ च्या आसपास आकडा दाखवून ते नाकारले असते. नवा मीटर अधिक अचूक असूनही चाचणी अधिक सैल झाली, हा या उदाहरणातील खरा धोका आहे.

दुसरे उदाहरण वेळेचे. रिले बंद करण्याची आज्ञा आणि मापनाची आज्ञा जुन्या आज्ञावलीत लागोपाठ लिहिलेल्या असतात. मध्ये थांबण्याची सूचना नसते. ती लागत नसे, कारण जुना संगणक आणि त्याची जोडवाहिनी संथ होती. रिलेचे स्पर्शक स्थिरावण्यास लागणारे काही मिलिसेकंद या संथपणात आपोआप मिळत. वेगवान संगणकावर तीच संहिता अक्षरशः तशीच चालविली, तर मापन आधी आणि स्थिरता नंतर अशी स्थिती होते. येथे एक अक्षरही बदललेले नाही; तरीही चाचणी बदलली आहे.

स्थलांतराचे तीन मार्ग

या पार्श्वभूमीवर प्रचलित मार्गांचे मूल्यमापन करता येते. पहिला मार्ग जुना संगणक नव्या संगणकात आभासी रूपाने उभा करण्याचा. यात संहिता शाबूत राहते. परंतु कालमान बदलण्याचा संभव असतो आणि आज्ञावली कोणालाही न समजता चालत राहते. हा मार्ग निर्णय पुढे ढकलतो. दुसरा मार्ग यांत्रिक भाषांतराचा. भाषांतरक आज्ञावली वाक्यामागून वाक्य बदलते, पण जे वाक्यात नव्हतेच ते तिला दिसू शकत नाही. तिसरा मार्ग पुनर्लेखनाचा. तो सर्वांत महाग आणि तत्त्वतः सर्वांत योग्य. मात्र मूळ हेतूची नोंद नसेल तर पुनर्लेखन करणाऱ्याला तर्कावरच विसंबावे लागते.

नव्या प्रमाणकांनी यात भर घातली आहे, हे मान्य केले पाहिजे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आयव्हीआय फाउंडेशनने एका वर्गातील उपकरणांना समान आज्ञा दिल्या. २००४ च्या आयईईई १६४१ या प्रमाणकाने संकेताची व्याख्या अधिक काटेकोर केली. परंतु समान आज्ञा म्हणजे समान मापन नव्हे, हे मल्टिमीटरच्या उदाहरणातून दिसलेच आहे. संकेताची काटेकोर व्याख्याही 'काय' हे सांगते; मर्यादा ११.७ च का, याचे उत्तर देत नाही.

पाठचिकित्सेचा धडा

मराठी वाङ्मयपरंपरेला ही समस्या अपरिचित नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा मूळ ग्रंथ शुद्ध असूनही पाठांतरांमुळे त्यात विसंगती शिरल्या आहेत, हीच त्यांची भूमिका होती. वेगळा दिसणारा प्रत्येक पाठ चुकीचा नसतो आणि रूढ झालेला प्रत्येक पाठ मूळचा नसतो. दोहोंतील भेद अर्थ जाणणाराच करू शकतो. जुन्या चाचणी-आज्ञावलीतील एखादी निरर्थक भासणारी ओळ हा कोण्या तंत्रज्ञाने अनुभवातून घातलेला इलाज असू शकतो, अथवा नकळत शिरलेली चूकही असू शकते. ती गाळण्यापूर्वी कारण शोधणे हे पाठचिकित्सकाचे काम आहे.

या साधर्म्यालाही मर्यादा आहे. ग्रंथाच्या अनेक हस्तलिखित प्रती ताडून पाहता येतात. चाचणी-आज्ञावलीची बहुधा एकच प्रत चालू असते. उलट येथे एक साक्षीदार अधिक असतो, तो म्हणजे प्रत्यक्ष उपकरण. म्हणून जुनी यंत्रणा मोडीत काढण्यापूर्वी तीच उपकरणे दोन्ही यंत्रणांवर तपासणे अनिवार्य मानले पाहिजे. त्यांत निर्दोष उपकरणांबरोबर मुद्दाम दोष घातलेली उपकरणेही असावीत; कारण केवळ निर्दोष उपकरणे वापरल्यास वरील उदाहरणातील सैल मर्यादा कधीच उघड होणार नाही. तुलनाही 'उत्तीर्ण-अनुत्तीर्ण' या निर्णयांची न करता मोजलेल्या आकड्यांची करावी.

निष्कर्ष

जुन्या चाचणी यंत्रणेचे नूतनीकरण संगणक सुरू झाल्यावर पूर्ण होत नाही. जुन्या चाचणीने जे सदोष उपकरण नाकारले असते, ते नवी चाचणीही नाकारते, हे सिद्ध झाल्यावरच ते पूर्ण होते. निर्दोष उपकरण चुकून नाकारले गेले तर खर्च होतो. सदोष उपकरण स्वीकारले गेले तर ते विमानात बसते. ॲटलासने 'काय मोजावे' हे यंत्रापासून वेगळे केले, हे तिचे ऐतिहासिक श्रेय आहे. 'का मोजावे' आणि 'मर्यादा इतकीच का' हे मात्र तिने तंत्रज्ञाच्या स्मरणावर सोडले. तो तंत्रज्ञ निवृत्त होतो तेव्हा आज्ञावली शिल्लक राहते, पण वाचता येईनाशी होते. त्यामुळे प्रत्येक मर्यादेसोबत तिचे कारण लिहिण्याची शिस्त आणि दुसऱ्याने लिहिलेली जुनी आज्ञावली अर्थासह वाचण्याचे शिक्षण, या दोन गोष्टी अभियांत्रिकीच्या अध्यापनात आज्ञावली-लेखनाइतक्याच महत्त्वाच्या मानल्या गेल्या पाहिजेत. हे काम केवळ इलेक्ट्रॉनिक्स विभागाचे नाही; संहितेचा अर्थ कसा टिकवावा, हे जाणणाऱ्या भाषा विभागालाही त्यात सांगण्यासारखे पुष्कळ आहे.