एकजीव नादाची पारख : अमान्सिओ डिसिल्व्हा यांची ‘इंटिग्रेशन’

अमान्सिओ डिसिल्व्हा हे नाव आपल्या धर्मग्रामांतील फार थोड्या कुटुंबांच्या कानांवर आले असेल. गोवेकर आईवडिलांच्या पोटी १९३६ साली मुंबईत जन्मलेला हा गिटारवादक साठच्या दशकात लंडनला गेला. तेथे डेनिस प्रेस्टन या जाणत्या निर्मात्याच्या लॅन्सडाउन मालिकेतून १९६९ साली त्याची ‘इंटिग्रेशन’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे ती बाजारातून दिसेनाशी झाली आणि संग्राहकांच्या शोधाचा विषय बनली. १९९६ साली डिसिल्व्हा निवर्तले. त्यांच्या संगीताला नवे श्रोते भेटले ते त्यानंतर, जुन्या मुद्रिकांच्या नव्या आवृत्त्या निघू लागल्या तेव्हा. म्हणूनच आज या मुद्रिकेचे मोल नव्याने जोखणे अगत्याचे वाटते.

गोव्यातील चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वरलिपी वाचणारी आणि व्हायोलिन वाजवणारी मुले घडवली. त्यांतील कितीतरी जण मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत आणि पुढे चित्रपटसृष्टीत शिरले. सी. रामचंद्रांच्या संगीतामागे चिक चॉकलेट होते, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा होते, तर अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. गाणी घराघरांत पोहोचली, ही नावे मात्र फारशी पोहोचली नाहीत. डिसिल्व्हा यांनी परदेशी जाऊन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या रचना मुद्रित केल्या. तरी विस्मृती त्यांच्याही वाट्याला आलीच.

या मुद्रिकेपुढील सांगीतिक पेच नीट समजून घ्यायला हवा. आपले रागसंगीत एका षड्जाला धरून उलगडत जाते. रूढ जॅझमध्ये मात्र सुरावटीखालचे स्वरमेळ सतत पालटत असतात आणि वादकाला त्यांच्या पावलावर पाऊल टाकावे लागते. १९५९ साली माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ने एकाच स्वरसप्तकात दीर्घकाळ रमण्याची वाट रुंद केली आणि दोन्ही परंपरांना भेटण्यास जागा मिळाली. लंडनमध्ये कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी १९६६ साली ‘इंडो-जॅझ सूट’ रचला. एका बाजूस जॅझचे पाच वादक, दुसऱ्या बाजूस सतार-तबल्यासह आणखी पाच. तबल्यावर होते केशव साठे. प्रयोग धाडसाचा होता, यात शंका नाही. पण ऐकताना दोन मंडळी समोरासमोर बसून आळीपाळीने बोलत आहेत, असे अनेकदा वाटत राहते.

आमचे सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात ओळखले जाते. भांडे घेताना जाणते गिऱ्हाईक त्यावर टिचकी मारून पाहते. जोड नीट बसला नसेल, तर नाद फुटका येतो. दोन परंपरांच्या संगीतातील जोडही असाच नादावरून पारखावा.

‘इंटिग्रेशन’ या कसोटीला उतरते. तिच्यात सतार नाही, तबला नाही, तंबोराही नाही. ट्रंपेटवर इयान कार, सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, बासवर डेव्ह ग्रीन, ड्रमवर ट्रेव्हर टॉमकिन्स आणि गिटारवर स्वतः डिसिल्व्हा, असा सरळ जॅझचा संच आहे. तरीही ‘गँजेस’ किंवा ‘महाराणी’ ऐकताना आपल्या कानाला ओळखीचे काही लागते. ते वाद्यांतून आलेले नाही, बोलण्याच्या ढंगातून आलेले आहे. हा वादक स्वरमेळांची रास रचत नाही. तो एकेरी स्वरांची ओळ धरतो, एका स्वराभोवती घोटाळतो आणि मग पुढे सरकतो. भारतीयत्व येथे दागिन्यासारखे वरून घातलेले नाही.

त्याच वर्षीची ‘हम दोनो’ ही हॅरियटसह केलेली मुद्रिका याहून मोकळी आहे. नाव वाचून देव आनंदचा १९६१ चा चित्रपट आठवेल, पण येथील दोघे वेगळे. हॅरियट किंग्स्टनमध्ये ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ या धर्मभगिनींच्या आल्फा शाळेत वाढला, तेथेच वाद्य शिकला आणि १९७३ साली अकाली गेला. ‘जयपूर’ ही रचना दोन्ही मुद्रिकांत आहे. ती पाठोपाठ ऐकावी. हॅरियटचा सॅक्सोफोन गिटारला कसा हटकतो आणि गिटार त्याला कशी निगुतीने उत्तर देते, हे सहज उमगेल. ‘बॅलड फॉर गोवा’ हे तर दूर राहून घातलेले हळुवार साकडेच वाटते.

उणीव सांगायची तर ‘इंटिग्रेशन’मध्ये फुंकवाद्ये पुष्कळदा पुढे येतात आणि गिटार, जिच्या नावाने हे सारे मांडले, ती मागे थांबते. सत्तरच्या दशकात मुद्रित होऊन २००६ साली प्रथम प्रकाशात आलेल्या ‘कोकण डान्स’मध्ये सतार-तबला आले आहेत. ती मुद्रिका रंगतदार आहे. पण गिटारने एकटीने जे साधले होते, ते तेथे थोडे वाटले जाते, असे माझे मत आहे.

हा प्रश्न आपल्या गायकवृंदांनाही परका नाही. १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक संविधानाने स्थानिक संगीतपरंपरेला मानाचे स्थान देण्यास सांगितले. तेव्हापासून मिस्सामध्ये गिटार असावी की पेटी-तबला, यावर आपण वाद घालत आलो. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे. परंतु १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त त्यांनी ओवी नुसती उसनी घेतली नाही, ते ओवीतच विचार करू लागले. डिसिल्व्हा यांनी उलट दिशेने तेच केले. मूळचे परदेशी वाद्य त्यांनी हातात धरले आणि त्याच्या तारांना स्वतःचे उच्चार शिकवले. पेटी तरी मूळची युरोपातलीच ना? वाद्याचे कूळ विचारून उपासना आपली होत नाही. ते वाजवणाऱ्याने कोणते सूर मनात मुरवले आहेत, यावर ते ठरते.

म्हणून ‘इंटिग्रेशन’ ही केवळ जॅझप्रेमींनी जपावी अशी दुर्मीळ वस्तू नव्हे. रविवारी गिटार घेऊन उभ्या राहणाऱ्या आपल्या तरुणांनी ती मुद्दाम ऐकावी. आणि ज्या घरांत वाद्यवृंदांत वाजवणारे आजोबा होऊन गेले, त्या घरांनी त्यांच्या स्वरलिपीच्या वह्या आणि जुन्या तबकड्या रद्दीत घालण्यापूर्वी एकवार जाणकाराला दाखवाव्यात. अमान्सिओंचे सूर निदान तबकडीवर राहिले म्हणून परतले. वह्यांतच राहिलेले सूर त्या वह्यांबरोबर कायमचे जातील.