'व्हिटल्स' : एका जुन्या अन्नवाचक शब्दाचे रूप आणि डिकन्सचे कथन

प्रास्ताविक :
'व्हिटल्स' हा अन्न, खाद्यसामग्री या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द आज व्यवहारातून जवळजवळ लोपला आहे. चार्ल्स डिकन्स यांच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१८६०-६१) या कादंबरीच्या आरंभीच मात्र तो विद्यार्थ्यांसमोर येतो, तोही 'विटल्स' अशा बदललेल्या रूपात. या रूपाचा अर्थ बहुधा 'अडाण्याचा अशुद्ध उच्चार' एवढाच सांगितला जातो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

शब्दाची घडण :
लॅटिनमधील 'व्हिक्टुस' म्हणजे उपजीविका. मराठीतील 'उपजीविका' शब्दातील 'जीव्' धातू आणि या लॅटिन शब्दाचा धातू मुळात सगोत्र आहेत. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या रूपात 'क' ध्वनी नव्हता. पुढे विद्वानांनी लॅटिनच्या अनुकरणाने लेखनात 'सी' हे अक्षर घातले. उच्चार मात्र 'व्हिटल्स' असाच राहिला. हा शब्द हलकाही नव्हता. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तो आहे आणि १६८३ पासून ब्रिटिश नौदलाला शिधा पुरविणारे मंडळ याच शब्दाने ओळखले जाई.

कादंबरीतील उपयोजन :
पळालेला कैदी मॅग्विच लहानग्या पिपकडे कानस आणि 'विटल्स' मागतो. त्याच्या उच्चारात वेगळा आहे तो केवळ आरंभीचा 'व'. उरलेला शब्द तो सुशिक्षित सभ्य गृहस्थाप्रमाणेच उच्चारतो. तरीही छापील रूप पाहून वाचकाला संपूर्ण शब्दच बिघडलेला वाटतो. म्हणजे निम्मा दोष कैद्याच्या जिभेचा नसून वाचकाच्या डोळ्यांचा आहे. पुढे पकडला गेल्यावर मॅग्विच हाच शब्द वापरून चोरीचा आळ स्वतःवर घेतो व पिपला वाचवितो. अनेक वर्षांनी 'सभ्य' झालेल्या पिपला याच माणसाच्या जेवण्याच्या रीतीची किळस येते. 'विटल्स'ला हसणारा वाचक नकळत त्याच पिपच्या पंक्तीला जाऊन बसतो.

अध्यापन व अनुवाद :
मराठी भाषक विद्यार्थी इंग्रजीतील 'व्ह' आणि 'व' यांचे उच्चार बहुधा वेगळे करीत नाहीत. त्यामुळे प्रकट वाचनात हा भेद नाहीसा होतो; तो फळ्यावर दोन्ही रूपे लिहूनच दाखवावा लागतो. अनुवादात 'अन्न' हा शब्द फार प्रतिष्ठित ठरतो, तर 'शिधा' नौदलाच्या संदर्भात शोभतो. मॅग्विचच्या तोंडी 'पोटाला काहीतरी' हेच अधिक स्वाभाविक वाटते, कारण त्यात भूक आहे पण विडंबन नाही.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, 'विटल्स' हे केवळ बोलीचे चिन्ह नाही. लेखनाच्या प्रतिष्ठेवरून माणसाची पायरी ठरविण्याच्या आपल्या सवयीची ती परीक्षा आहे. विद्यार्थ्यांच्या उच्चारांना 'अशुद्ध' ठरविणाऱ्या आपण अध्यापकांनीही ती एकदा द्यावयास हवी.