साथीदाराची जागा : लोकगायक गद्दर यांच्या वाटचालीसंबंधी

लोकगायक राजकारणात ‘गेला’ असे म्हणताना त्याचे गाणे तोवर राजकारणाबाहेर होते, असे सहज गृहीत धरले जाते. तेलंगणाचे गद्दर यांच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. तेलुगू बुर्रकथेत मुख्य कथेकऱ्याच्या दोन बाजूंस दोन साथीदार उभे असतात. एकाकडे विनोद असतो, तर दुसऱ्याकडे चालू काळावरील राजकीय भाष्य. म्हणजे राजकारणास या कलाप्रकारात परंपरेनेच जागा नेमून दिलेली आहे. मात्र ती साथीदाराची आहे, कथेकऱ्यास अडवून प्रश्न करणाऱ्याची आहे. मराठीत अमर शेख, अण्णा भाऊ साठे व गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले, त्याच सुमारास आंध्रात प्रजा नाट्य मंडळी व शेख नाझर यांनी बुर्रकथेतील या जागेचे सामर्थ्य प्रत्ययास आणून दिले होते.

गुम्मडी विठ्ठलराव हे मेदक जिल्ह्यातील तूप्रानचे, दलित कुटुंबात जन्मलेले. १९७२ साली स्थापन झालेल्या जन नाट्य मंडळीतून ते पुढे आले. ‘गद्दर’ हे त्यांनी धारण केलेले नाव १९१३ च्या गदर पक्षावरून घेतलेले आहे. मराठी कानास त्यात ‘गद्दार’ ऐकू येण्याचा संभव आहे, आणि एका कान्याने अर्थ पार उलटा होतो! उलट त्यांच्या खांद्यावरची ‘गोंगडि’ मराठी वाचकास मुळीच परकी वाटणार नाही. असे नाव आणि असा वेष यांनी विठ्ठलराव नावाची व्यक्ती मागे सारली, आणि समूहाचा आवाज पुढे आणला. गौतम घोष यांच्या ‘मा भूमि’ या चित्रपटात त्यांनी गायिलेले गाणे तर त्यांचे स्वतःचे नव्हेच. ते तेलंगणाच्या सशस्त्र लढ्याच्या काळातील बंडी यादगिरी यांचे. गाणे दुसऱ्याचे असूनही ते लोकांच्या मनात गद्दर यांच्याच आवाजात राहिले. लोकगायकाच्या थोरवीत याने काही उणे येत नाही. त्याची थोरवी असते ती अशीच.

१९८४ साली त्यांनी बँकेची नोकरी सोडली. १९८५ च्या कारमचेडू येथील दलितांच्या हत्याकांडानंतर ते भूमिगत झाले, आणि १९९० साली हैदराबादच्या निजाम कॉलेजच्या मैदानावर प्रचंड समुदायासमोर पुन्हा प्रकट झाले. ६ एप्रिल १९९७ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांतील एक अखेरपर्यंत शरीरातच राहिली. २००४ साली शासन व नक्षलवादी यांच्यातील वाटाघाटींत ते मध्यस्थ होते. मध्यस्थाची भूमिकाही साथीदाराचीच म्हणावी लागेल.

खरा पेच वेगळ्या तेलंगण राज्याच्या चळवळीत उत्पन्न झाला. ‘जय बोलो तेलंगाणा’ (२०११) या चित्रपटातील त्यांचे गीत चळवळीचे गीत झाले, आणि ते योग्यच होते. परंतु आरंभीच्या गाण्यांतील ‘आम्ही’ हा मजुराचा, दलिताचा ‘आम्ही’ होता. जमीनदारास त्यात सूर मिळवता येत नसे. प्रदेशाचे गाणे मजूर आणि जमीनदार दोघांनाही एकाच उमाळ्याने म्हणता येते. त्यामुळे आवाका वाढला, पण कथेकऱ्यास अडवण्याची धार बोथटली. चळवळीचे यश मान्य करूनही टीकाकाराने ही हानी नोंदवलीच पाहिजे. संयुक्त महाराष्ट्राच्या शाहिरीचा विचार करतानाही हाच प्रश्न टाळता येत नाही.

निवडणुकीचे राजकारण आयुष्यभर नाकारलेल्या गद्दर यांनी २०१८ साली प्रथमच मतदान केले. त्यात विसंगती पाहणाऱ्यांनी घाई केली, असे वाटते. मत देणारा अजून श्रोत्यांतच बसलेला असतो. मत मागणारा मात्र मधोमध येऊन उभा राहतो. जून २०२३ मध्ये त्यांनी पक्षाची घोषणा केली, त्याचे नाव ‘गद्दर प्रजा पार्टी’. व्यक्ती झाकण्यासाठी घेतलेले उसने नाव आता व्यक्तीचीच खूण होऊन पक्षाच्या माथी आले. हा बदल मतदानाहून मोठा होता, आणि त्याची चर्चा फार थोडी झाली.

६ ऑगस्ट २०२३ रोजी ते निवर्तले. त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. तेलंगण विधानसभेचे मतदान ३० नोव्हेंबरला झाले. कथेकऱ्याच्या जागेवरून त्यांचे गाणे कसे ऐकू आले असते, हे कळण्याचा योग आला नाही.