उडाऊ पुत्राच्या कथेतील अनुपस्थित संकेतार्थ

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 साली प्रसिद्ध झाला. उत्तर कोकणातील वारली बोलीस त्यात स्थान आहे, आणि जव्हार-मोखाड्याकडे वळणारा अभ्यासक आजही बहुधा प्रथम तोच खंड उघडतो. त्या कार्याची थोरवी निर्विवाद आहे. तथापि ज्या साधनांनी ते सिद्ध झाले, त्यांची परीक्षा क्रियापदाच्या अर्थांच्या बाबतीत अद्याप पुरेशी झालेली नाही.

बोलीचा नमुना म्हणून सर्वत्र लूककृत शुभवर्तमानातील उडाऊ पुत्राची कथा भाषांतरित करून घेतली गेली. या कथेत 'जर-तर' स्वरूपाचे एकही वाक्य नाही. हे थोडे नवलाचे आहे. देशांतर, दुष्काळ, उपासमार आणि पश्चात्ताप एवढी सामग्री असताना 'घर सोडले नसते तर' असे उद्गार त्या मुलाच्या तोंडी सहज शोभले असते. पण तो केवळ घडलेले सांगतो आणि पुढचे ठरवितो. थोरल्या भावाच्या तक्रारीत, मित्रांसह मौज करता यावी म्हणून करडूही दिले नाही असा आशय आहे. तेथे लॅटिन भाषांतरात अपूर्ण भूतकालीन संशयार्थ येतो. मराठीत मात्र त्या जागी विध्यर्थ किंवा 'करायला'सारखे रूप येते. संकेतार्थास येथेही वाव नाही.

कथेच्या जोडीला 241 शब्द-वाक्यांची यादी होती आणि काही बोलींचा आणखी एखादा स्थानिक उतारा. यादीत 'मारणे' या धातूची रूपे विचारली आहेत. वर्तमान व भविष्य सर्व पुरुषांत विचारले आहेत. 'मी मारावे' या अर्थाचा प्रश्न मात्र प्रथमपुरुषी एकवचनापुरताच आहे. 'मी मारले असते' हा प्रश्न मुळीच नाही. समजा, संकेतार्थही असाच 'मी' धरून विचारला असता, तरी फारसे हाती लागले नसते. प्रमाण मराठीत पुल्लिंगी 'मी बोलतो' हे रूप स्वार्थात आणि संकेतार्थात एकच आहे. भेद उघड होतो तो 'तू बोलतोस' आणि 'तू बोलतास', 'तो बोलतो' आणि 'तो बोलता', 'ते बोलतात' आणि 'ते बोलते' या जोड्यांत. मोरो केशव दामले यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त (1911) यास द्वितीय ताख्यात म्हणून वेगळे काढले, ते सर्वस्वी योग्यच होते.

परभाषेच्या वर्गात याच ठिकाणी घोटाळा होतो. स्पॅनिशमधील 'आब्लार' (बोलणे) या नियमित धातूचे तृतीयपुरुषी अनेकवचनी भूतकालीन रूप 'आब्लारोन'. त्यातील 'रोन' काढून 'रा' लावला की 'आब्लारा' सिद्ध होते. 'आब्लासे' हे त्याचे पर्यायी रूप. विद्यार्थी त्यापुढे 'संकेतार्थ' असे लिहून मोकळा होतो. वस्तुतः 'तो बोलता तर' आणि 'त्याने बोलावे म्हणून (मी थांबलो)' या दोन्ही ठिकाणी स्पॅनिश 'आब्लारा' वापरते. मराठी तेथे संकेतार्थ व विध्यर्थ अशी वाटणी करते. उलट स्पॅनिश आजच्या असत्य अटीसाठी साधे रूप आणि कालच्या अटीसाठी साहाय्यक धातूचे संयुक्त रूप योजते. मराठीतील 'बोलला असता' हे दोन्हीकडे चालते. साधे 'बोलता' बोलण्यातून मागे सरले आहे आणि 'असता', 'नसता' यांच्या आश्रयाने मुख्यतः टिकून आहे.

जव्हार-मोखाड्यात पाहावयाचे ते हेच: 'ता'युक्त रूप मूळ धातूला लागते की केवळ साहाय्यकाला, आणि अटीच्या व फळाच्या वाक्यांत रूप एकच असते की निराळे. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षणमालेत, जिचा पहिला खंड 1963 साली निघाला, ठाण्याच्या वारलीचा स्वतंत्र विचार झाला. परंतु सांगून घेतलेल्या मजकुरात जे येईल तेवढेच व्याकरण अशा पद्धतीने हाती लागते. म्हणून प्रश्न मुद्दाम घडवावा लागतो. 'पाऊस पडला असता तर काय झाले असते?' असे प्रमाण मराठीत विचारले की शाळेत मराठी शिकलेला निवेदक तेच रूप परत करतो. त्यापेक्षा नागलीची लावणी झाल्यावर पावसाने ओढ दिली, एवढा प्रसंग मांडून संशोधकाने गप्प बसावे.

हा प्रश्न केवळ रूपावलीचा नाही. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंची वार्ता राज्यभर पोहोचली, आणि तेव्हापासून या भागातील माणसांची कथने परक्यांच्या वहीत उतरत आली आहेत. 'गाडी आली असती तर पोर वाचले असते' या वाक्यात गाडी आली नाही आणि पोर वाचले नाही, ही दोन विधाने आहेतच. त्यांखेरीज एकामुळे दुसरे झाले, असा तिसरा दावाही आहे. टिपून घेणारा 'गाडी आली नाही. मूल दगावले' असे लिहितो तेव्हा पहिली दोन उरतात आणि बोलणाऱ्याचा आरोप गळतो. बोलीतील संकेतार्थाचे रूप ज्याला ओळखताच येत नाही, त्याला तो गळल्याचे कळणारही नाही.