काटकोनातला माणूस

घरी अभ्यासाची जागा कशी लावावी हे शोधायला गेलं की एक चित्र हमखास समोर येतं. खुर्चीत बसलेला माणूस, बाजूने काढलेला. कंबर ९० अंश, गुडघे ९० अंश, कोपरं ९० अंश. शेजारी हिरवी बरोबरची खूण. त्याच्या बाजूला पोक काढून बसलेला दुसरा माणूस आणि त्याच्यावर लाल फुली. खाली बहुतेक वेळा एक वाक्य असतं: उभं राहण्यापेक्षा बसताना मणक्यावर ४० टक्के जास्त दाब येतो. पीएचडीला नाव नोंदवलं की हे चित्र कुणीतरी पाठवतंच, आणि पाठोपाठ महागड्या खुर्चीची लिंक.

जेआरएफ असेल तर महिन्याला ३७,००० रुपये हातात येतात, आणि ती नसणारेच जास्त. त्यामुळे खुर्ची घेण्याआधी हे चित्र एखाद्या पेपरसारखं तपासून बघायला हरकत नाही. दावा काय आहे, तो कुठून आला, काय मोजलं आणि निष्कर्ष कशाबद्दल काढला?

तर हे ४० टक्के. १९६०च्या दशकात आल्फ नाकेमसन या स्वीडिश अस्थिशल्यचिकित्सकांनी जिवंत माणसांच्या कमरेतल्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. साधं काम नव्हे ते. त्या मोजमापांवरून पुढे एक तक्ता प्रसिद्ध झाला: उभं राहणं १०० धरलं तर बसणं १४०, पाठीवर झोपणं २५. आकडे लक्षात राहायला सोपे, त्यामुळे तक्ता पाठ्यपुस्तकांत गेला, तिथून पोस्टरवर.

१९९९ साली जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी नव्या उपकरणाने हेच मोजलं. सैल उभं असताना ०.५ मेगापास्कल, टेका न घेता बसल्यावर ०.४६. म्हणजे बसल्यावर किंचित कमीच! आणि खुर्चीत मागे रेलून, ऐसपैस पसरून बसल्यावर? सुमारे ०.३. लाल फुलीवाल्या माणसाला हे कळलं तर बरं वाटेल. (पुढे पूर्ण वाकून बसल्यावर मात्र ०.८३, तेव्हा त्याने लगेच खूश होऊ नये.)

इथे घाईने ‘जुनं चूक, नवं बरोबर’ म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, विल्के यांच्या अभ्यासात माणूस एकच होता. ४५ वर्षांचा, ७० किलो वजनाचा, एक. दुसरी, त्याच वर्षी, त्याच ‘स्पाइन’ नियतकालिकात सातो आणि सहकाऱ्यांचा जपानमधला अभ्यास आला. त्यात ८ निरोगी स्वयंसेवक आणि २८ रुग्ण होते, आणि तिथे बसतानाचा दाब उभं असतानापेक्षा जास्तच निघाला. म्हणजे प्रश्न मिटलेला नाही. मिटलाय तो फक्त पोस्टरवर.

पण माझा खरा आक्षेप आकड्यावर नाहीच. समजा १४० बरोबर आहे. मोजलाय दाब, आणि पोस्टर बोलतंय दुखण्याबद्दल. मधला पूल कुणी बांधला? दाब म्हणजे इजा नव्हे आणि इजा म्हणजे वेदना नव्हे. विल्के यांच्या त्याच अभ्यासात २० किलो वजन पाठ वाकवून उचलताना २.३ मेगापास्कल नोंदले गेले, बसण्याच्या पाचपट. मणका असे भार पेलतो. मोजायला सोपी गोष्ट मोजायची आणि आपल्याला हव्या असलेल्या गोष्टीबद्दल बोलायचं, ही सवय फक्त पोस्टरवाल्यांना असते असं समजू नका. तुमच्या प्रपोजलमध्येही ती शिरते.

मग वेदनेबद्दल थेट पुरावा काय सांगतो? २०१६ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये स्टेफन्स आणि सहकाऱ्यांचं मेटा-ॲनालिसिस आलं. २१ यादृच्छिक चाचण्या, ३०,८५० माणसं. कंबरदुखी टाळायला उपयोगी काय ठरलं, तर व्यायाम, आणि व्यायामाबरोबर माहिती-शिक्षण दिलं तर जास्तच: धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी. कमरेचे पट्टे, बुटातले इन्सोल, कामाच्या जागेतले एर्गोनॉमिक बदल यांचा फायदा दिसला नाही. वर्षभरानंतर नुसत्या व्यायामाचा परिणामही उरला नाही, हे मात्र बातम्यांमध्ये कमी येतं. २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना टप्प्याटप्प्याने चालणं वाढवण्याचा कार्यक्रम दिला. त्यांचं दुखणं परतायला मध्यक २०८ दिवस लागले, बाकीच्यांचं ११२ दिवसांत परतलं.

यावरून ‘जागा कशीही असली तरी चालते, पलंगावर लोळून थिसिस लिहा’ असं म्हणणारेही आहेत. तेही जास्तच ओढतात. एर्गोनॉमिक बदलांविषयीचा तो पुरावा कमी दर्जाचा आहे, असं त्याच पेपरात लिहिलंय. शिवाय त्या चाचण्या प्रामुख्याने नोकरीच्या ठिकाणच्या. हॉस्टेलच्या खाटेवर उशीला टेकून दहा-दहा तास लॅपटॉप मांडीवर घेणारी मुलगी त्यांच्या नमुन्यात कुठे आहे? आणि कंबरदुखी टळणं वेगळं, आज संध्याकाळी मान न अवघडता साहित्य परीक्षणाचं प्रकरण पुढे सरकणं वेगळं. दुसऱ्यासाठी जागा नक्कीच महत्त्वाची आहे.

तिथे मुख्य अडचण खुर्चीची नसतेच, लॅपटॉपची असते. पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. हात आरामात ठेवले तर पडदा खाली जातो आणि मान वाकते. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर लटकतात. कितीही भारी खुर्ची आणली तरी ही भूमिती सुटत नाही. वेगळा साधा कीबोर्ड, माउस आणि लॅपटॉपखाली चार जाडजूड ग्रंथ, एवढ्याने सुटते. एमएचे जुने संदर्भग्रंथ यासाठी उत्तम, उघडले जात नाहीत तरी उपयोगी पडतात.

दुसरी अडचण जेवणाच्या टेबलाची. ते साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. पाच फूट उंचीच्या व्यक्तीला तिथे टाइप करायचं तर खांदे उचलावे लागतात. म्हणून खुर्चीवर घडी केलेली गोधडी टाकली, तर पाय अधांतरी. मग पायाखाली पाट घ्या. जेवायला जमिनीवर बसणं सुटल्यापासून तो माळ्यावर पडून असेल. काटकोनातल्या माणसाच्या चित्रात पाट नसतो, कारण ते चित्र ज्याच्या मापाने काढलंय त्याचे पाय जमिनीला टेकतात. आपल्याकडच्या शरीरमापांवर देबकुमार चक्रबर्ती यांचं पुस्तक अहमदाबादच्या एनआयडीने १९९७ मध्येच काढलंय. डिझाइनच्या बाहेर ते फारसं कुणी उघडत नाही, ही खंत.

जमिनीवर मांडी घालून, चौरंगावर लॅपटॉप ठेवून काम करणाऱ्यांनाही लाल फुली मारायचं कारण मला दिसत नाही. गुडघे तक्रार करत नसतील तर बसा, भिंतीला टेका, पाय बदला. पीडीएफ वाचायचं काम स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभ्याने होतं. गाईडचा फोन आला की खोलीत फेऱ्या मारत बोलता येतं. पाण्याची मोठी बाटली शेजारी ठेवण्यापेक्षा भांडं ठेवलं तर दर थोड्या वेळाने उठावंच लागतं.

एक गोष्ट मात्र खुर्ची, पाट, चालणं कशावरही सोडू नका. कंबरदुखीबरोबर पाय बधिर किंवा लुळा पडू लागला, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, किंवा ताप येऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सबमिशनची तारीख उद्याची असली तरी.